शौचातून रक्त जाते म्हणजे दर वेळी मूळव्याध नव्हे

वस्तीत जुलाब कुणाला नवीन नाहीत. पावसाळा सुरू झाला, नळाला गढूळ पाणी आले, की घरटी एकाला तरी जुलाब लागतात. आपण ओआरएस पाजतो, मऊ भात देतो, आणि दोन-चार दिवसांत माणूस उठून कामाला लागतो. त्यामुळे जुलाब म्हणजे आज आले, उद्या गेले, असे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे.

पण काहींचे जुलाब जातच नाहीत. महिना होतो, दोन महिने होतात. शौचाला रक्त आणि शेम पडते. दिवसातून आठ-दहा वेळा पळावे लागते, रात्री झोपेतून उठावे लागते. वजन उतरते, चेहरा पांढरा पडतो. कोणी म्हणते मूळव्याध आहे, कोणी म्हणते आव आहे, कोणी उष्णता म्हणते, तर कोणी करणी केली म्हणते. आम्ही नर्सिंगची पदविका घेऊन वॉर्डात काम केले आणि आता वस्त्यावस्त्यांत आरोग्याचे काम करतो. दोन्हीकडे आम्हाला अशी माणसे भेटली, ज्यांची वर्ष-दोन वर्षे चुकीच्या औषधांत गेली. त्यातल्या बऱ्याच जणांना आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार होता. डॉक्टर त्याला आयबीडी म्हणतात. या आजाराचे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि प्रकार कळल्याशिवाय नीट उपचार होत नाहीत. म्हणून या वेळी त्यांची ओळख करून घेऊ.

सूज येते म्हणजे काय होते?

आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते, तिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. बाहेरून जंतू आला की ती त्याच्यावर तुटून पडते आणि काम झाले की शांत होते. आयबीडीमध्ये ही यंत्रणा आतड्यातच लढत राहते, शांत होत नाही. त्यामुळे आतड्याचे अस्तर लाल होते, सुजते, त्यावर जखमा होतात, जखमांतून रक्त झिरपते. मोठ्या आतड्याचे एक मोठे काम म्हणजे मळातले पाणी शोषून घेणे. अस्तर सुजले की ते काम नीट होत नाही, म्हणून पातळ शौचाला होते.

हे नेमके कशामुळे सुरू होते, याचे एकच एक कारण नाही. थोडा वाटा अंगातल्या जनुकांचा, थोडा आतड्यातल्या जंतूंच्या बिघडलेल्या समतोलाचा, थोडा बदललेल्या राहणीमानाचा. तिखट खाल्ल्याने हा आजार होत नाही. ताणामुळे त्रास वाढू शकतो, पण ताणामुळे आजार जडला असे नसते. आणि हा आजार संसर्गाचा नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच संडासात गेल्याने, नवरा-बायकोच्या संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. करणीचा तर प्रश्नच येत नाही.

हा श्रीमंतांचा, परदेशातला आजार आहे असे पूर्वी मानत. १९९९ साली लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन ५१,९१० माणसांची पाहणी केली. त्यांत २३ जणांना यातला एक प्रकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, सापडला. म्हणजे लाखामागे साधारण ४४ जण. त्यानंतर आपल्या देशात या आजाराचे रुग्ण वाढतच गेले आहेत. आजार बहुतेकदा ऐन तारुण्यात, पंधरा ते पस्तीस वर्षांच्या दरम्यान डोके वर काढतो. म्हणजे शिकण्याच्या, कमावण्याच्या, लग्नाच्या वयात.

पहिला प्रकार: अल्सरेटिव्ह कोलायटिस

हा प्रकार फक्त मोठ्या आतड्यात असतो. तो गुदद्वाराच्या आतल्या भागापासून सुरू होतो आणि तिथून वर चढत जातो, मध्ये जागा न सोडता. भिंतीला खालून ओल धरत वर जावी, तसा. सूज आतड्याच्या सगळ्यात आतल्या थरात असते.

ओल किती वर गेली यावरून याचे तीन भाग पाडतात. सूज फक्त शेवटच्या भागात, म्हणजे मलाशयात असेल तर तो पहिला. डाव्या बाजूने वर प्लीहेजवळच्या वळणापर्यंत गेली तर दुसरा. त्याच्याही पुढे, बहुतेक सगळ्या मोठ्या आतड्यात पसरली तर तिसरा. हे रिपोर्टवर लिहिलेले असते. डॉक्टरांना जरूर विचारा, 'सूज कुठपर्यंत आहे?' कारण फक्त मलाशयात असेल तर गुदद्वारातून ठेवायच्या औषधी कांडीवरही बऱ्याच जणांचे भागते. वर पसरली असेल तर एनिमा आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्या दोन्ही लागतात.

लक्षणे अशी: मळात मिसळलेले रक्त, शेम, वारंवार शौचाला लागणे, शौचाला जाऊन आले तरी पुन्हा लागल्यासारखे वाटणे, पोटात मुरडा, आणि लागली की थांबवता न येणे.

मूळव्याधीशी गल्लत होते ती इथेच. मूळव्याधीत साधारणपणे कुंथल्यावर, शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडतात किंवा धार लागते. रक्त मळाला वरून लागलेले असते, मळात मिसळलेले नसते. वजन उतरणे, रात्री झोपेतून उठून पळावे लागणे, हे मूळव्याधीत होत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. सूज फक्त मलाशयात असेल तर काही जणांना जुलाब होण्याऐवजी उलटे बद्धकोष्ठ होते आणि वर रक्त जाते. अशी माणसे हमखास मूळव्याधीची चूर्णे खात बसतात. म्हणून मूळव्याध आहे की नाही, हे डॉक्टरांनी तपासून सांगायचे. रस्त्यावरच्या फलकावर लिहिलेल्या नंबरवाल्याने नव्हे. आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या शौचातून रक्त जात असेल तर कर्करोग नाही ना, हेही पाहावेच लागते.

दुसरा प्रकार: क्रोन्सचा आजार

१९३२ साली न्यूयॉर्कमधील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तीन डॉक्टरांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या या आजाराचे वर्णन छापले. त्यातल्या पहिल्या डॉक्टरांचे नाव आजाराला पडले.

क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कुठेही होऊ शकतो. सगळ्यात जास्त तो लहान आतडे जिथे संपते आणि मोठे सुरू होते तिथे, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली आढळतो. तो सलग नसतो. इथे एक चट्टा, मध्ये चांगले आतडे, पुढे पुन्हा चट्टा. आणि सूज फक्त आतल्या थरात राहत नाही, आतड्याची भिंत आरपार सुजते. कोलायटिस आणि क्रोन्स यांच्यातला मुख्य फरक हाच. म्हणूनच क्रोन्समध्ये वेगळ्या अडचणी येतात.

एक, भिंत सुजून, जखमा भरून, आतडे आतून अरुंद होते. मग जेवल्यावर पोटात कळ येते, पोट फुगते, गुडगुडते, उलटी होते. दुसरी अडचण म्हणजे भिंत आरपार पोखरली जाऊन नळीसारखी वाट तयार होते. अशी वाट गुदद्वाराजवळ फुटली की आपण त्याला भगंदर म्हणतो. प्रत्येक भगंदर क्रोन्सचे नसते. पण ऑपरेशन करूनही भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल, सोबत जुलाब, पोटदुखी किंवा वजन उतरणे असेल, तर 'आतड्याची तपासणी करायची का?' असे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

क्रोन्समध्ये रक्त पडेलच असे नाही. पोटदुखी, जुलाब, बारीक ताप, अशक्तपणा, वजन घटणे, तोंडात वरचेवर फोड येणे, ही त्याची लक्षणे. मुलांमध्ये कधी कधी पोटाच्या तक्रारीआधीच उंची वाढायची थांबते, वयात यायला उशीर होतो. वर्गातल्या बरोबरीच्या मुलांपेक्षा मूल मागे पडत असेल आणि पोट वरचेवर दुखत असेल, तर 'खात नाही म्हणून वाढत नाही' असे म्हणून सोडून देऊ नका.

दोन्ही प्रकारांत आजार पोटाबाहेरही दिसतो. गुडघे, घोटे, कंबर दुखते. डोळा लाल होऊन दुखतो. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात. असे काही असेल तर ते पोटाच्या डॉक्टरांनाही सांगा. सांधेदुखी वेगळी आणि जुलाब वेगळे समजून दोन ठिकाणी उपचार घेतले जातात आणि दुवा कुणाच्या लक्षात येत नाही.

न ठरणारा प्रकार, आणि नावाने फसवणारा

दहातल्या साधारण एका रुग्णात सूज मोठ्या आतड्यात दिसते, पण ती कोलायटिसची की क्रोन्सची हे लगेच ठरत नाही. तेव्हा डॉक्टर 'अवर्गीकृत' असे लिहितात. यात डॉक्टरांचे काही चुकले असे नाही. उपचार सुरू करता येतात आणि पुढे चित्र स्पष्ट होत जाते.

दुसरीकडे आयबीएस नावाचा एक वेगळाच त्रास आहे. नाव सारखे वाटते, पण आजार निराळा. आयबीएसमध्ये आतड्याची चाल बिघडते, पोट दुखते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होते. पण आतड्यात जखमा नसतात, रक्त पडत नाही, वजन घटत नाही, ताप येत नाही. आयबीएस त्रासदायक असतो, पण तो आतडे खराब करत नाही. कागदावर शेवटचे अक्षर 'एस' आहे की 'डी', हे नीट विचारून घ्या.

टीबी की क्रोन्स?

हा प्रश्न आपल्या देशात फार मोठा आहे. आतड्याचा टीबी बहुतेकदा त्याच जागी होतो जिथे क्रोन्स होतो. पोटदुखी, ताप, वजन घटणे, आतडे अरुंद होणे, सगळे सारखे. दुर्बिणीतून पाहिले तरी जखमा सारख्या दिसू शकतात. पोटात पाणी होणे, रात्री घाम येणे, छातीतही टीबी सापडणे, असे असेल तर पारडे टीबीकडे झुकते. बरेच महिने जुलाब, शौचातून रक्त, गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर क्रोन्सकडे. पण खात्री होतेच असे नाही.

अशा वेळी डॉक्टर आतड्याचा तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्यात टीबीचे जंतू शोधतात. तरीही ठरले नाही तर टीबीची औषधे सुरू करून पाहतात. ही चालढकल नसते. टीबी असताना चुकून क्रोन्सची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो. म्हणून आधी टीबीची शंका फेडून घेतात.

पण इथेच आपण जागे राहायचे. औषधे सुरू केल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी, शक्यतो दुर्बिणीची. नुसते 'बरे वाटते' यावर भागत नाही, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही टीबीच्या औषधांवर काही दिवस बरे वाटू शकते. जखमा भरल्या असतील तर तो टीबी होता. मग सहा महिन्यांचा कोर्स एक दिवसही न चुकवता पूर्ण करायचा. सरकारी केंद्रात तो मोफत आहे. जखमा तशाच असतील तर निदानाचा पुन्हा विचार करावा लागतो, औषधाला न जुमानणारा टीबी आहे का हेही पाहावे लागते. वर्ष-दीड वर्ष टीबीच्या गोळ्या खाऊन गुण नाही, आणि पुन्हा तोच कोर्स सुरू केला, असे तुमच्या घरात घडत असेल तर थांबा. सगळे कागद घ्या आणि पोटविकारतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा.

तपासण्या कोणत्या?

आधी साधी शौचाची तपासणी, आव किंवा दुसरे जंतू नाहीत ना हे पाहायला. रक्तात हिमोग्लोबिन, सीआरपी, अल्ब्युमिन. शौचातूनच एक तपासणी होते, तिचे नाव कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात सूज आहे की नाही याचा अंदाज तिच्यावरून येतो. पण खरे निदान दुर्बिणीच्या तपासणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने आणि तुकड्याच्या तपासणीने होते. लहान आतड्यात आजार असावा असे वाटले तर सीटी किंवा एमआरआय काढतात.

कोलोनोस्कोपीला लोक घाबरतात, विशेषतः बायका. आदल्या दिवशी पोट साफ करायचे औषध पितात, ते खरे कंटाळवाणे असते. घरी संडास नसेल तर 'पोट साफ करायला दाखल करून घेता का?' असे आधीच विचारा. तपासणीच्या वेळी गुंगीचे इंजेक्शन देता येते, अंगावर पांघरूण असते, महिला कर्मचारी जवळ हवी असे सांगता येते. तो तुमचा हक्क आहे.

औषधे: काय घ्यायचे, काय टाळायचे

हा आजार मुळापासून उपटून टाकणारे औषध अजून नाही. पण मधुमेहासारखा तो ताब्यात ठेवता येतो, आणि ताब्यात असलेली माणसे शिकतात, काम करतात, संसार करतात.

कोलायटिसमध्ये मुख्य औषध मेसालामाइन. सल्फासॅलाझिन हे जुने आणि स्वस्त. त्याने लघवी केशरी होते, घाबरू नका. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी लागते. पुरुषांत शुक्राणू कमी होऊ शकतात, औषध बदलल्यावर ते पूर्ववत होतात. मूल हवे असेल तर डॉक्टरांना सांगा. सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा. क्रोन्समध्ये मेसालामाइनचा उपयोग फारसा होत नाही. शेजाऱ्याच्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत त्या यामुळे.

आजार उसळला की स्टिरॉइड देतात. त्याने लवकर आराम पडतो, आणि धोकाही तिथेच आहे. स्टिरॉइड आग विझवायला आहे, रोजच्या वापराला नाही. महिनोन्‌महिने घेतले तर साखर वाढते, बीपी वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, मुलांची उंची खुंटते. आणि एकदम बंद केले तरी जिवावर बेतू शकते. डॉक्टर सांगतील तसेच हळूहळू कमी करायचे. कुणी बिननावाची पुडी दिली आणि दोन दिवसांत जादू झाली, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता धरून चाला.

पुढच्या टप्प्यात ॲझाथायोप्रिनसारख्या गोळ्या लागतात. त्या सुरू असताना रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. त्याहून पुढे इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब अशी इंजेक्शने आहेत. ती महाग असतात आणि ती देण्याआधी टीबीची तपासणी सक्तीची समजा.

बरे वाटले की आपली माणसे गोळ्या बंद करतात. 'आता कशाला खर्च?' असे म्हणतात. आजार पुन्हा उसळण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच. जखमा भरल्या त्या औषधामुळे, आणि भरलेल्या राहतात त्याही औषधामुळे.

अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. त्याने आतड्याचा त्रास उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालते. रक्त पडत असताना जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, आतडे फुगून धोका होऊ शकतो. विडी-सिगारेटने क्रोन्स वाढतो, ती सोडलीच पाहिजे.

ऑपरेशन

औषधांनी न आवरणाऱ्या कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढतात. आजार त्याच आतड्यात असतो, त्यामुळे तो तिथेच संपतो. काही काळ किंवा कायम पोटावर पिशवी लावावी लागते. बऱ्याच जणांत पुढे लहान आतड्याचीच पिशवी आत तयार करून नेहमीच्या वाटेने शौच होईल अशी सोय करता येते. क्रोन्समध्ये खराब झालेला तुकडा काढतात, पण आजार दुसरीकडे परत येऊ शकतो, म्हणून ऑपरेशननंतरही औषधे आणि तपासण्या चालू ठेवतात. पोटावरच्या पिशवीला लोक घाबरतात, पण पिशवी लावूनही माणूस कामाला जातो, आंघोळ करतो, लग्नकार्यात वावरतो.

मलाशयाच्या वरपर्यंत पसरलेला कोलायटिस, किंवा मोठ्या आतड्याचा क्रोन्स असेल, तर बरीच वर्षे गेल्यावर कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून त्रास सुरू होऊन आठ वर्षे झाली की ठरावीक अंतराने दुर्बिणीची तपासणी करायची, त्रास नसला तरी.

खाण्याचे काय?

आमच्या पाहण्यात औषधाइतकेच हाल पथ्यामुळे होतात. हे बंद, ते बंद करत शेवटी माणूस पेज आणि बिस्किटांवर येतो आणि आणखी खंगतो. आजार बरा करणारे किंवा आजार आणणारे एकच एक अन्न नाही. आजार शांत असेल तेव्हा घरातले नेहमीचे जेवण जेवावे. डाळ, अंडी, मासळी, मटण, जे परवडते आणि पचते ते खावे, कारण जखम भरायला प्रथिने लागतात. आजार उसळला असेल तेव्हा मऊ भात, खिचडी, पातळ वरण, उकडलेला बटाटा, अंडे असे हलके खावे आणि तिखट, तळलेले काही दिवस कमी करावे. आतडे अरुंद असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल तर सालीची फळे, कच्ची भाजी, मक्याचे कणीस, चोथ्याचे पदार्थ टाळावेत. दुधाने त्रास होतो का, ते स्वतः पाहावे. होत नसेल तर बंद करायचे कारण नाही. रक्त कमी असेल तर लोह, लहान आतड्याच्या शेवटी आजार असेल तर बी-१२, स्टिरॉइड चालू असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, याबद्दल डॉक्टरांना विचारा.

मुलीचे लग्न, बाळंतपण आणि संडासची रांग

मुलीला हा आजार निघाला की घरात पहिली कुजबुज लग्नाची होते. मग उपचार लपूनछपून होतात, सासरी गोळ्या नेता येत नाहीत, आणि सहा महिन्यांत पोरगी सलाईनवर येते. सांगून लग्न करा. बहुतेक बायकांना मूल होऊ शकते. फक्त दिवस राहताना आजार शांत असावा, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे. बहुतेक औषधे गरोदरपणात चालू ठेवतात. उलट ती बंद केल्याने आजार उसळला तर बाळाला जास्त धोका. मेथोट्रेक्सेट हे औषध मात्र गरोदरपणात चालत नाही. आईने गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने घेतली असतील तर बाळाला बीसीजी देण्याआधी नर्सताईंना सांगा.

आता राहिला संडास. ज्यांच्या घरात संडास आहे त्यांच्यासाठी हा पोटाचा आजार आहे. ज्यांना सार्वजनिक संडासच्या रांगेत उभे राहावे लागते, त्यांच्यासाठी तो इज्जतीचाही आजार होतो. या रुग्णाला लागली की मिनिटभरही थांबता येत नाही. रांगेत कपडे खराब झाले, तर ती बाई पुन्हा दिवसा घराबाहेर पडत नाही. काही जणी संडासला जावे लागू नये म्हणून खात-पीत नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या ताई कामावर जाणे सोडतात, कारण मालकिणीच्या घरात त्यांना संडास वापरू देत नाहीत. सफाई कामगार दादा, नाका कामगार, रिक्षावाले यांचीही तीच गत.

याला गोळी नाही, पण तोडगा आहे. वस्तीत असा रुग्ण असेल तर त्याला रांगेत पुढे सोडायचे, कारण न विचारता. विहारात महिला मंडळाची बैठक होते, तिथे हे एकदा बोलून ठरवून टाका. संडासात रात्री दिवा आणि पाणी आहे का, ते बघा, नसेल तर वॉर्ड ऑफिसात सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या. डॉक्टरांकडून आजाराचे पत्र घेऊन ठेवा, शाळेत आणि कामाच्या ठिकाणी ते दाखवता येते. परीक्षेच्या वर्गात मुलाला मधूनच उठू द्यावे, हे शिक्षकांना आधीच सांगा.

धावत कधी जायचे?

१९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी गंभीर कोलायटिस ओळखण्याच्या खुणा मांडल्या. त्या आजही वापरतात. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि सोबत १०० अंशांच्या वर ताप, किंवा नाडी मिनिटाला ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, यातले एक जरी असले तरी घरी थांबायचे नाही. त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हायचे. पोट फुगून टणक झाले, गॅस आणि शौच बंद होऊन उलट्या लागल्या, चक्कर येऊन पडले, तरीही तसेच.

एवढे तीव्र नसेल, पण जुलाब चार आठवड्यांच्या वर गेले, किंवा मळात रक्त मिसळून येत आहे, वजन घटते आहे, रात्री झोपेतून उठावे लागते, तर पुढच्या आठवड्यात बघू म्हणू नका.

जायचे कुठे, पैसे कुठून?

मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जेजे, नागपुरात सरकारी मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय, इथे पोटविकाराचे स्वतंत्र विभाग आहेत. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात दाखवून तिथून पुढची चिठ्ठी घ्या. दाखल व्हावे लागले किंवा ऑपरेशन ठरले, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र दाखल न होता चालू राहतो. त्यासाठी जनऔषधी दुकानात चौकशी करा, डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा, आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अर्ज करा. न परवडल्याने गोळी बंद करायची वेळ आली तर गप्प बसू नका. 'परवडत नाही, दुसरे स्वस्त काय आहे?' असे सरळ विचारा. हे विचारण्यात कमीपणा नाही.

एक जाड फाइल करा. पहिल्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट, बायोप्सीचा कागद, दिलेल्या औषधांची नावे आणि तारखा तिच्यात लावा. एका वहीत रोज किती वेळा शौचाला झाले, रक्त होते का, वजन किती, एवढे लिहा. घरात लिहिता-वाचता येणारे पोर असेल तर त्याच्यावर हे काम सोपवा. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांसमोर वही उघडा आणि तीन प्रश्न विचारा: माझा प्रकार कोणता? सूज कुठपर्यंत आहे? आणि टीबी नाही, हे कशावरून ठरवले? या तीन प्रश्नांची उत्तरे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी तेच पान बघेल, आणि तुमचे वर्ष वाचेल.